मगरीच्या पोटातला माणूस

सिनेमात मगर माणसाला गिळते तेव्हा तुम्ही किंचाळता ते कुणासाठी? बाहेरच्या माणसासाठीच ना? आणि मगरीच्या पोटात आधीपासून जो घामाने निथळत बसलाय तो कुणाचा कोण, त्याला आत कुणी बसवलं, हे एकदा तरी मनात आलंय का? नसेल आलं तर राग मानू नका. सोफेवालीच्याही मनात आलं नव्हतं, आणि मगर तर तिनेच शिवली होती.

सोफेवाली म्हणजे पत्र्याच्या एका शेडमध्ये सोफे आणि गाड्यांच्या सीटा शिवणारी बाई. दारात सोफ्यांचे सांगाडे, आत फोमच्या चळती, रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि पायाने चालवायचं एक जाडजूड मशीन. हे काम तिला कुणी शिकवलं नाही. एकोणिसाव्या वर्षी तिने घरातली फाटकी खुर्ची उसवली, पुन्हा शिवली, आणि तिथून मागे वळून बघितलं नाही. तिची शिलाई दुहेरी, टाक्याला टाका लागलेला. कुणी गिऱ्हाईक शिवण ओढून बघायला लागलं की ती शांतपणे म्हणायची, "दात लावून बघा, हाताने काय होतंय?"

एके दिवशी दारात एक माणूस उभा राहिला. इतकी वर्षं लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ काढायचा, आता त्याच्या डोक्यात सिनेमा शिरला होता. दगडाच्या जुन्या खाणीत पाणी साचलंय, त्या पाण्यात मगर आहे, आणि ती एकेकाला खाते, अशी गोष्ट. पोशाख भाड्याने देणाऱ्यांनी त्याला हसून बाहेर काढलं होतं. त्याची नजर एका गाडीच्या सीटवर गेली. काळपट हिरवं रेक्झिन, वर बटणं दाबून पाडलेले खड्डे.

"ताई," तो चाचरत म्हणाला, "मगर शिवाल का?"

सोफेवालीने दातातला दोरा काढला. "किती सीटर?"

"एक."

"मग सोपंय."

सोपं कसलं. साडेचार आठवडे गेले. आत तीन माणसांच्या सोफ्याइतका लांब फोम, वरून रेक्झिन, पाठीवर खवले म्हणून दोनशे दहा बटणं, दात प्लास्टिकच्या पाइपाचे. पोटाखाली आत शिरायला लांबलचक चेन, आणि चेन ओढायची कडी बाहेरून. तिने आयुष्यभर गाद्यागिरद्यांची खोळ अशीच शिवली होती. गिरदीच्या आतून चेन उघडायला कोण बसलेलं असतं?

आत शिरायला आधी एक नट आणला होता. पाच मिनिटांत त्याचा जीव वरखाली झाला, बाहेर आला, ओकला आणि चपला हातात घेऊन गेला. मग सगळ्यांच्या नजरा सोफेवालीच्या नवऱ्याकडे वळल्या. तो चहा घेऊन आला होता. पाण्याच्या टाक्या साफ करणारा माणूस. अंगाने बारीक, गोल भोकातून आत उतरून अंधारात तास तास घासत बसायची सवय. स्वभाव असा की पायावर पाय पडला तरी हाच म्हणेल, माझा मध्ये आला.

"जाऊ का गं?" त्याने बायकोला विचारलं.

"जा. पण माझी बटणं तोडू नका."

सिनेमात घरचं आणखी एक माणूस होतं, सासूबाई. मगरीचा दुसरा बळी त्या. नऊ महिने ज्याला पोटात वागवलं तोच आता मला खाणार, असं त्या अख्ख्या गल्लीला सांगून आल्या होत्या.

खाणीवर जमिनीवरचे प्रसंग आधी झाले, आणि तिथेच त्या व्हिडिओवाल्याने, म्हणजे आता डायरेक्टरने, कपाळाला हात लावला. मगर दिसायला भयंकर होती. चालायची मात्र अशी, की पाहुण्यांच्या घरी आलीये आणि चप्पल कुठे काढू म्हणून विचारतेय. समोर माणूस दिसला की ती थबकायची. त्याला वाट द्यायची.

"भाऊजी, रागवा की जरा," डायरेक्टर ओरडायचा. "खायचंय त्याला."

मगरीच्या जबड्यातून आवाज यायचा, "हो हो. लागलं तर नाही ना त्यांना?"

"ताई, तुम्ही तरी सांगा."

"तीस वर्षांत मी आणू शकले नाही त्यांना राग," सोफेवाली म्हणाली. "तुम्ही दोन दिवसांत आणणार होय?"

तिसऱ्या दिवशी दुपारी पाण्यातला प्रसंग. पाणी काठाशी कंबरेइतकं. सासूबाईंनी काठावर कपडे धुवायचे, मगरीने पाण्यातून येऊन त्यांचा पाय धरायचा. आत शिरण्याआधी नवऱ्याने विचारलं, "पाणी नाही ना शिरणार आत?"

प्रश्न साधा होता. पण चार लोकांसमोर, तिच्या कामावर.

"माझ्या शिलाईतून वारा जात नाही," ती फणकारली, "पाणी कुठून जाईल?"

तिनेच चेन लावली. डायरेक्टरला कडी कॅमेऱ्यात चमकायला नको होती, म्हणून ती शिवणीखाली दडपून टाकली. चौघांनी मगर उचलून पाण्यात सोडली.

पहिलं मिनिट नेहमीसारखंच गेलं. मगर सभ्यपणे तरंगत सासूबाईंकडे निघाली. मध्येच तिची शेपूट खाली बसली. मग पाठ. एकदम तिने कूस बदलली, पोट वर, पुन्हा पाठ वर, शेपटीचा असा तडाखा मारला की काठावरचे सगळे भिजले. जबडा पाण्याबाहेर आला, उघडला, पुन्हा आत गेला. पाणी नुसतं उकळत होतं.

"कुणी मध्ये बोलू नका," डायरेक्टर कुजबुजला. त्याचे डोळे पाणावले होते. "चालू ठेवा. अरे, काय करतोय हा माणूस."

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. सासूबाई ओले कपडे हातात धरून कौतुकाने बघत होत्या. "आला बाई एकदाचा राग माझ्या लेकाला," त्या म्हणाल्या.

सोफेवाली टाळी वाजवायला गेली आणि तिचे हात हवेतच राहिले. जगाला फसवता येईल, पण ज्या माणसाला खोटी शिंकसुद्धा काढता येत नाही त्याला तीन दिवसांत अभिनय कुठून आला?

ती धावली. "ताई, पाण्यात कुठे चाललात? फ्रेममध्ये येताय," असं कुणीतरी ओरडलं, त्याला तिने जी शिवी दिली ती इथे लिहिण्यासारखी नाही. तिने मगरीच्या पोटाला हात घातला. कडी सापडेना. सापडली तर ओलं कापड चेनमध्ये अडकलेलं. मगर आतून लाथा मारत होती, आणि प्रत्येक लाथ आधीच्यापेक्षा हलकी होत चालली होती. कमरेला खोचलेली रेक्झिन कापायची कात्री तिने उपसली आणि साडेचार आठवड्यांचं काम गळ्यापासून शेपटीपर्यंत एका दमात फाडलं. दुहेरी शिलाई, टाक्याला टाका. कात्री जिथे अडली तिथे दात लावले.

आतून आधी एक हात आला. मग डोकं.

चौघांनी त्याला काठावर आणून पालथं केलं. तो खोकला, पाणी ओकला, पुन्हा खोकला. मग कोपरावर उठून बसला, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "टाकी भरली होती."

सोफेवाली त्याच्या शेजारी बसली. हसू की रडू कळेना, म्हणून तिने त्याच्या पाठीत एक रट्टा घातला आणि तोच हात पाठीवरून फिरवत राहिली. सासूबाईंनी लेकाचं डोकं ओल्या पदराने पुसायला घेतलं ते सोडेचनात. "पुरे गं आई, सालं निघतील माझी," तो म्हणाला, तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला. डायरेक्टर मात्र पांढराफटक पडून दगडावर बसला होता.

फाटलेली मगर उन्हात पडली होती. सोफेवाली तिच्याजवळ गेली. शिवणीच्या एकेका टाक्यातून पाण्याचा बारीक थेंब बाहेर येत होता, अगदी ओळीने. तिने शिवणीवरून बोट फिरवलं. घट्ट शिवायची म्हणून जितके टाके जास्त मारले, तितकी भोकं जास्त पडली होती. आतला फोम ते सगळं पाणी पिऊन बसला होता. आणि बाहेर यायची वाट तिने स्वतःच्या हाताने बाहेरून बंद केली होती.

तिला गप्प बसता आलं असतं. पाण्यावर, डायरेक्टरवर, नशिबावर ढकलता आलं असतं. ती उठून सगळ्यांसमोर उभी राहिली.

"शिलाई माझी, चेन माझी. चूक माझी," ती म्हणाली. "पण टाळ्या तुमच्या. पुन्हा मगर शिवेन, तर माझ्या पद्धतीने. जमत नसेल तर आत्ताच सांगा, हिच्यात भुसा भरून ठेवते."

"मी तो शॉट पुसून टाकतो, ताई," डायरेक्टर म्हणाला.

"कशाला?" नवरा म्हणाला. "एवढं मेलो त्याच्यासाठी. ठेवा."

दुसरी मगर तीन आठवड्यांत झाली. शिवणींवर आतून रबराची पट्टी चिकटवली. ही युक्ती तिने होड्या दुरुस्त करणाऱ्याकडे जाऊन शिकून घेतली. "मला येत नाही, शिकवा," हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं आणि तिला वाटलं होतं तितकं ते जड गेलं नाही. चेन आतून उघडणारी, कडी मुठीत मावेल एवढी. नवऱ्याला तिने शेडमध्ये अकरा वेळा आतबाहेर करायला लावलं, शेवटी डोळे बांधून.

खाणीवर सासूबाईंना एक शिट्टी दिली. त्यांनी फक्त मगरीकडे बघायचं, आणि थोडी जरी शंका आली तरी फुंकायची. शिट्टीवर कुणी हूं की चूं करायचं नाही. म्हातारीने पहिल्याच दिवशी नऊ शॉट मोडले. लेक जरा वळला की शिट्टी. डायरेक्टरने एकदाही तोंड उघडलं नाही, फक्त नवव्या वेळी आभाळाकडे बघितलं.

सिनेमा एका लहानशा हॉलमध्ये लागला. लोक मगरीच्या चालीला पोट धरून हसले, सगळीकडे हसले. मग पाण्यातला तो प्रसंग आला आणि हॉल गप्प झाला. मागे एक बाई खरोखर किंचाळली. सोफेवालीने अंधारात शेजारचं मनगट घट्ट धरलं. डोळे मिटून घेतले.

"अगं, मी इथेच आहे," नवरा शेंगदाणे खात म्हणाला. "हात सोड, खाता येईना."

तिने हात सोडला नाही. पण किती दिवसांनी तिला पोटभर श्वास घेता आला.

त्यानंतर महिनाभराने ती बाजारातून चालली होती. एका नव्या दुकानापुढे अस्वलाच्या पोशाखात कुणीतरी भर उन्हात नाचत होतं. मुलं शेपटी ओढत होती, मोठी माणसं फोटो काढत होती. सोफेवाली सरळ गेली, अस्वलाच्या तोंडाशी तोंड नेलं आणि विचारलं, "आत बरं आहे ना?"

बराच वेळ काही नाही. मग आतून एका बाईचा आवाज आला, "सकाळपासून उभी आहे हो. पाणी मिळेल?"

सोफेवालीने तिला खुर्चीवर बसवलं, मानेमागची चेन खाली ओढली आणि दुकानदाराला काय सुनावलं ते त्याच्या लक्षात असेल.

असं अस्वल, वाघ, ससा तुमच्याही रस्त्यावर उभा असतो. पुढच्या वेळी दिसला तर फोटो राहू द्या. जवळ जा, आत बरं आहे का विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.