चारशे घोडे आणि चार ड्रम

रिह्याच्या खोऱ्यात कुणाची जीप अडली किंवा ट्रॅक्टर काळा धूर ओकायला लागला, की पहिलं नाव निघायचं सिद्धनाथचं. बाप जोतिबा मेंढरं राखायचा. सिद्धनाथ सोळाव्या वर्षी पौडच्या एका गॅरेजात पार्ट धुवायला गेला आणि त्याच कामात रमला. आता त्यानं पन्नाशी ओलांडली होती. "सिधाच्या हातची गाडी वाटंत थांबत न्हाई," असं लोक म्हणायचे. ते ऐकलं की तो मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, माणूस साधा आहे. खरं तर ती भीती होती, आणि ते फक्त त्याच्या बायकोला, नंदाला, ठाऊक होतं.

वीसेक वर्षांपूर्वी गेणबाची वडापची, भाड्यानं माणसं नेणारी जीप बाजाराच्या दिवशी त्याच्याकडे आली होती. ब्रेकचे लायनर झिजून संपत आले होते. सिद्धनाथनं ते सांगितलं, पण गेणबा म्हणाला, "माणसं ताटकळल्यात, उद्या घालू." सिद्धनाथनं गाडी सोडली. उतारावर ब्रेक लागला नाही आणि जीप ओढ्यात कलंडली. माणसं वाचली, पण गेणबाचा उजवा हात कोपरात कायमचा वाकडा झाला. त्यानं कधी सिद्धनाथला बोल लावला नाही. तेव्हापासून सिद्धनाथ घरी जेवायला बसला तरी मनातल्या मनात दिवसभराचा एकेक नट पुन्हा आवळत राहायचा. नंदा ताटातली भाजी उचलून परत गरम करून आणायची.

सहा वर्षांपूर्वी पुण्याच्या शेखर नावाच्या कंपनीवाल्यानं रिह्यात फार्महाऊस बांधलं, आणि शेडमध्ये एक जुनी अमेरिकन गाडी आणून ठेवली. एकोणीसशे सत्तरची, दोन दरवाज्यांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची. स्टेअरिंग डावीकडे, गिअर ऑटोमॅटिक. आली तेव्हा दर दहा किलोमीटरला तापायची, आणि वायरिंग कुठे तुटेल याचा नेम नव्हता. सिद्धनाथनं दोन वर्षं घालून ती माणसाळवली. रेडिएटर उघडून साफ केला, सगळे पाइप बदलले, वायर न् वायर नव्यानं ओढली. मग ती किल्ली अर्धी फिरवली की बोलायला लागली. रविवारी शेखर बायकोला, रेश्माला, घेऊन धरणापर्यंत चक्कर मारायचा आणि गाडी न कुरकुरता परत यायची.

पण शेखरचं मन तेवढ्यानं भरेना. जुन्या गाड्यांचे शौकीन आठवड्याला व्हिडिओ टाकायचे, कुणाची गाडी किती सेकंदात शंभरला गेली त्याचे. दिवाळीआधी त्यानं इंजिन उतरवून मुंबईच्या एका वर्कशॉपला पाठवलं. महिन्यानं ते परत आलं ते मोठा कार्बोरेटर, नवी कॅमशाफ्ट आणि इंजिनाच्या ताकदीच्या आलेखाचा एक कागद घेऊन.

"चारशे घोडे, सिद्धनाथ. आधी कसेबसे अडीचशे होते," शेखर म्हणाला.

सिद्धनाथनं कागद बघितला, मग खाली वाकून चाकं बघितली. "आन् ब्रेक?"

"डिस्क ब्रेकचा सेट मागवलाय अमेरिकेहून. कस्टममध्ये अडकलाय. येईल पंधरा दिवसांत."

म्हणजे चारही चाकांना तेच जुने ड्रम ब्रेक होते.

इंजिन परत बसवल्यावर गुरुवारी सिद्धनाथ गाडी एकटाच बाहेर घेऊन गेला. पाय नुसता टेकवला तर पाठ सीटला चिकटली. छातीत काहीतरी उसळलं, हे त्यानं नंदाजवळ पुढं कबूलही केलं. मग मोकळा रस्ता बघून त्यानं गाडी ऐंशीवर नेली आणि ब्रेक दाबला. थांबली. दुसऱ्यांदा थांबली, पण लांब जाऊन. तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं घट्ट लागलं आणि गाडी आपली पुढंच चालली. थांबली तेव्हा चाकांतून धूर निघत होता आणि लायनर जळाल्याचा तो ओळखीचा वास येत होता. सिद्धनाथ अर्धा तास रस्त्याकडेला बसून राहिला.

रविवारी सहा गाड्यांचा ताफा ताम्हिणी घाट उतरून कोकणात जेवायला जाणार होता. शेखरची गाडी सगळ्यांत पुढं.

शनिवारी सिद्धनाथनं विषय काढला. "साहेब, घाटात तीनदा न्हाई, तीसदा ब्रेक लागतोय. ड्रम तापला की धरत न्हाई. ह्या वक्ताला दुसरी गाडी न्या."

"मी सावकाश चालवीन."

"चारशे घोडं लावल्यात सावकाश चालवायला?"

शेखर हसला, पण आवाज कोरडा होता. "तुम्ही जरा जास्तच घाबरता, सिद्धनाथ. पन्नास वर्षं लोकांनी ह्याच ब्रेकवर चालवली."

"ह्या इंजिनावर न्हाई चालवली."

बोलणं तिथंच थांबलं. घरी आल्यावर नंदानं विचारलं, "तुमी सांगितलं नव्हं? मग आता त्यांचं ते बघतील." सिद्धनाथ म्हणाला, "गेणबाला बी मी सांगितलं व्हतं."

रविवारी साडेसहाला तो नेहमीसारखा शेडमध्ये गेला. गाडी गरम करून अंगणात लावली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. डेल्कोचं, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डबीचं, टोपण काढून आतला रोटर त्यानं उचलला. तो लहानसा तुकडा. तो नसला की एकाही प्लगला ठिणगी पोचत नाही. त्यानं तो खिशात टाकला आणि टोपण परत बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं चालती गाडी बंद पाडली होती.

आठला पाहुणे जमले. शेखरनं किल्ली फिरवली. गाडी घरघरली, पण पेटली नाही. पुन्हा, आणि पुन्हा. एक पाहुणा फोनवर चित्रण करत होता, तो हसला. "चारशे घोडे झोपलेत वाटतं."

शेखरची कानशिलं लाल झाली. "सिद्धनाथ, बघा जरा."

सिद्धनाथ जागचा हलला नाही. एका पाहुण्याबरोबर आलेला मेकॅनिक पुढं झाला आणि टोपणाला हात घालणार, तेवढ्यात सिद्धनाथ म्हणाला, "नका उघडू. रोटर माझ्या खिशात हाय."

रेश्मा पायरीवर उभी होती, ती दोन पावलं खाली आली.

"काय म्हणालात?" शेखरनं विचारलं.

"मी काढलाय. बिरीक धरत न्हाईत, साहेब. घाटात न्यायची गाडी न्हाई ही."

शेखरनं नुसता हात पुढं केला. गाडी त्याची होती. सिद्धनाथनं रोटर त्याच्या तळहातावर ठेवला.

"मी मागच्या गाडीत बसते," रेश्मा म्हणाली. शेखरनं तिच्याकडं बघितलंही नाही.

"मग त्यांच्या जागी मी बसतो," सिद्धनाथ म्हणाला. "मला न्हाई म्हणू नका."

त्या मेकॅनिकनं रोटर बसवला आणि ताफा निघाला. रागानं शेखरचा पाय जड झाला होता. गाडी पुढच्या वाहनावर झेपावायची, मग ब्रेक, मग पुन्हा झेप. स्टेअरिंग डावीकडं असल्यानं समोरून येणारी गाडी उजवीकडं बसलेल्या सिद्धनाथला आधी दिसायची आणि त्याचा पाय आपोआप खालच्या पत्र्यावर दाबला जायचा. तो मनात ब्रेक मोजत होता. तेरा. चौदा. पौड गेलं, धरण मागं पडलं, आणि रस्ता पाण्याच्या कडेनं वर-खाली करायला लागला. वास आला तेव्हा घाट अजून लांब होता.

"साहेब, वास येतोय."

"मला काही येत नाही."

पुढच्या उतारावर वळण घेतलं आणि समोर रस्ताभर शेरडं. शेखरनं ब्रेक दाबला. पेडल घट्ट लागलं आणि गाडी चालतच राहिली. त्यानं दुसरा पायही वर ठेवला. "लागत नाहीये," तो म्हणाला, आणि तो आवाज शेखरचा वाटेना.

"पाय उचला आन् पुन्ना दाबा. डोंगराकडं घ्या, डावीकडं." बोलता बोलता सिद्धनाथनं दोघांच्या मधला गिअरचा दांडा खाली ओढला. इंजिन किंचाळलं, वेग थोडा तुटला. "डाव्या पायाचा पार्किंग ब्रेक, दाबा हळू. आता चारीत घाला. सोडू नका स्टेरिंग."

शेरडांमागची बाई काठी टाकून दगडांवर चढली. डावी चाकं चारीत उतरली, पत्रा मुरमाच्या दरडीला खरडत गेला, आणि पुढल्या शेरडापासून हातभरावर गाडी थांबली. चारही चाकांतून धूर येत होता. शेखरचे हात स्टेअरिंगवरून निघेनात. सिद्धनाथनं एकेक बोट सोडवलं.

पाठच्या गाडीतून रेश्मा धावत आली. कुणाला खरचटलंही नव्हतं. सिद्धनाथ उतरला, त्या बाईजवळ गेला आणि म्हणाला, "मावशे, मोजून घ्या, समदी हायेत का." सगळी होती. मग तो चारीच्या कडेला बसला आणि त्याला उलटी झाली.

शेखरनं आभार मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच्या ड्रायव्हरनं येऊन शेडची किल्ली मागून नेली. गावात दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. मालकाची गाडी बंद पाडणाऱ्याच्या हाती आपली गाडी कशी द्यायची, असंही काहींनी विचारलं. दोघांनी ट्रॅक्टर दुसरीकडं नेले. सिद्धनाथला त्याचं लागलं, पण जेवताना हल्ली त्याचं ताट गार होत नव्हतं, एवढं नंदाच्या ध्यानात आलं.

दीड महिन्यानं शेखर स्वतः त्याच्या दारात आला. बरोबर खोकं होतं. "डिस्कचा सेट आलाय. बसवाल?"

सिद्धनाथनं खोकं उघडून एकेक भाग उजेडात धरून पाहिला. "बसवीन. पर जुना कार्बोरेटर परत घालायचा. आन् मी सांगीन तवाच घाट."

"घोडे कमी होतील."

"व्हतील."

शेखरनं दारातल्या शेळीकडं बघितलं. "ठीक आहे," तो म्हणाला. "रेश्मानं सांगितलंय, तुम्ही हो म्हणालात तरच ती बसणार आहे."

काम चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी सिद्धनाथनं मोकळ्या रस्त्यावर गाडी ऐंशीवर नेऊन वीस वेळा थांबवली. वीसही वेळा ती जागच्या जागी थांबली. तरी तो उतरला, चाकाजवळ उकिडवा बसला आणि एकविसाव्यांदा न्यावी की काय याचा विचार करत राहिला.