स्टेबल म्हणजे उभा

नवा इंग्रजी शब्द भेटला की आबा त्याचा अर्थ लगेच सांगत नसत. खडू हातात धरून ते फळ्यावरच्या शब्दालाच विचारायचे, "काय भाऊ, कोन गावना तू?" लग्नात अनोळखी पाहुण्याला आमच्याकडे विचारतात तसं. मग सांगायचे, की हा लॅटिनच्या घरचा, फ्रान्समध्ये वाढला आणि इंग्रजांकडे घरजावई म्हणून राहिला. धुळ्याच्या आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत, मी मराठी. मधे एकच पातळ भिंत होती, त्यामुळे त्यांचं अर्धं इंग्रजी माझ्या वर्गानेही ऐकलेलं.

'स्टेबल' हा त्यांचा लाडका शब्द. स्टेबल म्हणजे स्थिर, आणि स्टेबल म्हणजे घोड्यांचा तबेलाही. "दोघं सख्खे भाऊ," आबा म्हणायचे. "आई एकच, 'उभं राहणं'. पक्का उभा तो स्टेबल, आणि घोडे उभे राहतात ती जागाही स्टेबल. आपल्या संस्कृतातला 'स्था' यांचा मावसभाऊ." कॉन्स्टेबलही याच कुळातला, मुळात राजाच्या तबेल्यावरचा अधिकारी. एका मुलीने हे घरी जाऊन हवालदार वडिलांना सांगितलं, आणि ते दुसऱ्या दिवशी गणवेशातच शाळेत हजर. "सर, मला घोडेवाला केलं म्हणे तुम्ही?" आबांनी खुर्ची पुढे ओढली. "घोडेवाला नही भाऊ, घोडासवरना साहेब. बसा, चहा घेऊ." चहा संपेपर्यंत हवालदार 'इन्स्पेक्टर'चं गाव विचारायला लागले होते.

निवृत्त झाल्यावर मी जळगावला, मेहरूणमध्ये मुलाकडे राहायला आले. एका सकाळी आबांचा फोन आला. "ताई, सुहास पडला." सुहास त्यांचा एकुलता एक मुलगा, जळगावजवळ दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरीला. मोटरसायकलवरून जाताना ट्रकची धडक बसली होती. मी जळगावच्याच हॉस्पिटलात पोचले तेव्हा आबा अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे होते. भर उन्हाळ्यात हातात स्वेटर. आत एसी असतो, पोराला थंडी वाजेल, म्हणून अक्कांनी, त्यांच्या बायकोने, घरून निघताना उचललेला.

तरुण डॉक्टर बाहेर आले. "सिव्हिअर हेड इंज्युरी आहे. पेशंट अनकॉन्शस आहे. पण सध्या स्टेबल आहे."

अक्कांची शाळा चौथीतच सुटलेली. त्यांनी नवऱ्याची बाही ओढली. "काय म्हनना तो डाक्टर? टेबल काय?"

आबा बंद दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "स्टेबल. स्टेबल म्हंजे उभा."

"उभा ऱ्हायना मना पोऱ्या?"

"मूळ अर्थ तोच शे."

अक्कांनी तिथल्या तिथे हात जोडले. मी आबांना बाजूला घेतलं. "आबा, हे काय सांगितलंत त्यांना?"

"खोटं नाही सांगितलं, ताई. खरा अर्थ मला कळतो. बरा नाही, वाईट नाही, आहे तिथेच. तो अर्थ हिच्या हातात कसा देऊ?"

पुढे रोज तोच शब्द. आबा डॉक्टरांच्या मागे जिन्यापर्यंत जायचे. "स्टेबल म्हणजे पुढे सरकला की मागे?"

"आहे तसाच आहे, सर."

"दगडही तसाच असतो हो!"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "आमच्याकडे दुसरा शब्द नाही, सर."

आत एकालाच सोडायचे, तेव्हा आबाच जायचे आणि सुहासच्या कानाशी वाकून बोलायचे. ऊठ म्हणायचे. मराठीत, अहिराणीत, शेवटी इंग्रजीतही. नर्स बाहेर काढायला आली, की तिला विचारायचे, "आत्ता पापणी हलली ना? तुम्ही पाहिलं ना?" ती बिचारी पडदा सारायची.

मधे अक्का नवस फेडायला गावी जाऊन आल्या. परतल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत सुहासच्या मापाच्या नव्या कोऱ्या सँडल होत्या. बाकावर बसून त्यांनी एक बाहेर काढली, अंगठ्याने तळवा दाबून पाहिला. "आते चालाले लागी तं पायले खडा टोचाले नको."

आबांनी ती सँडल त्यांच्या हातातून घेतली आणि खाली फरशीवरच बसले. लोक जात-येत होते. तिथे बसूनच त्यांनी सगळं सांगितलं. पोरगा उभा नाही, डोळेही उघडत नाहीत, आणि आता काय होणार हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

अक्का इतकंच म्हणाल्या, "मंग तुम्ही माले उभा का बरं सांगं?"

"माले सांगता उनं नही."

"सारा गावले मी सांगी उनू," अक्का म्हणाल्या. "आते त्यासले काय सांगू?"

आबांनी सँडल पिशवीत परत ठेवली.

पुढे डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. इथे ठेवून आता वेगळं काही करता येण्यासारखं उरलं नव्हतं. अँब्युलन्स एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याला गेली. वाटेतला प्रत्येक खड्डा आबांनी मुलाचं डोकं मांडीवर घट्ट धरून झेलला, असं अक्का नंतर सांगत होत्या.

परवा मी धुळ्याला जाऊन आले. सुहासचे डोळे आता उघडे असतात, पण ते कशावर ठरत नाहीत. मी फाटकाशी पोचले तेव्हा शेजारचे गृहस्थ कुंपणावरून विचारत होते, "कसा आहे हो सुहास?"

"शे," आबा म्हणाले, नुसतं 'आहे', आणि आत वळले.

सुहासला कुशीवर वळवायची वेळ झाली होती. एकाच अंगावर पडून राहिला तर जखमा होतात. अक्कांनी कमरेखाली हात घातला, आबांनी खांद्याखाली. दोघंही सत्तरीला टेकलेले, आणि पोरगा अंगाने भरलेला. "ताई, पाठ पुसा," अक्का धापा टाकत म्हणाल्या. मी ओलं फडकं घेतलं आणि पाठ पुसायला लागले. पाठ उबदार होती.

मी काय सांगते म्हणून आबा माझ्या तोंडाकडे बघत होते, हॉस्पिटलात त्या डॉक्टरांच्या तोंडाकडे बघायचे तसे.