जंजिऱ्याचा सराव

कात्रजच्या तळ्यातल्या बोटीत एक बाई मला दर रविवारी भेटायच्या. चपला काढून मांडीवर ठेवायच्या, पदर खोचायच्या आणि तळ्याच्या मध्यावर गेलं की बोटवाल्याला म्हणायच्या, "अहो, जरा हलवा की."

एकदा मी विचारलंच.

"जंजिऱ्याला जायचंय. सकाळी निघून रात्री परत. पण तिथं बोटीतून जावं लागतं ना, म्हणून सराव."

"समुद्राची भीती वाटते?"

"मला कसली? आमचे हे घाबरतात. बोट हलली तरी माणूस बुडत नाही, एवढंच त्यांना दाखवतेय."

काठावर पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ आमच्याकडेच बघत होते. बोट हलली, तसा त्यांनी तिथला कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

जंजिरा अजून बरेच रविवार लांब होता.