चुली बंद झाल्या तेव्हा

शुद्ध आली तेव्हा मी मोरीत पडले होते आणि इमारतीतल्या चुली एकेक करून बंद होत होत्या.

खुबा मोडला होता. घसा कोरडा पडून आवाज फुटत नव्हता. मोरीच्या खिडकीतून सगळ्या मजल्यांचे वास येतात, कुठे मोहरीचं तेल, कुठे खोबऱ्याचं. शेजारी मला तेवढेच माहीत. ते वास थांबले. कुकर शिट्टी येता येता गप्प झाला. लेकरंही.

आपल्या वाशीमकडे सगळ्या चुली अशा एकदम विझतात त्या एकाच कारणानं. आई सांगायची, "शेजारी मढं असताना आपल्या घरी फोडणी घालू नये." कोण गेलं असेल, म्हणून मी कान दिला. दाराबाहेर वॉचमन बोलत होता, "सकाळपासून हाकेला ओ नाही. पोलीस येईपर्यंत दाराला हात लावू नका. आजी तिखट होती, पण वाईट नव्हती."

मढं मीच होते.

लेकाबरोबर मी गाव सोडलं. तो कामासाठी पुढे सुरतेला गेला, मी विश्रांतवाडीत राहिले. बाहेरून आलेल्यांसाठी दिल्लीच्या योजनेतली भाड्याची खोली. एका मुलखाची माणसं शेजारी द्यायची नाहीत, म्हणजे सगळे मिसळतील, असं योजनेचा साहेब म्हणाला. मेळावा घेतला, प्रत्येकाला आपल्या भाषेत नमस्कार करायला लावला, फोटो काढला. मग जो तो दार लावून बसला. समोरच्या ओडिशाच्या मिनतीशी मी एकदाच बोलले, तेही मासळीच्या वासावरून भांडायला.

मोरीत पडल्या पडल्या हाताला पाण्याचा मग लागला, त्यानं बादली बडवली. बाहेरचे सगळे किंचाळत जिन्यानं पळाले. मिनती तेवढी थांबली. दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाली, "नानी, जिंदा हो कि भूत?"

कसाबसा आवाज निघाला. "भूत असते तर आधी तुझी मासळी खाल्ली असती."

तिनं वरवंट्यानं कडी तोडली. वरवंट्याला वाटलेल्या मोहरीचा वास होता.

तुम्ही गावची माणसं फोनवर विचारता, परत कधी येणार. गावात माझी चूल विझली, तेव्हा कोणी विचारलं नाही. इथे माझ्यासाठी चार मजले उपाशी राहिले.

आता वॉकर घेऊन चालते. जिन्यातली लेकरं अजून माझ्या पायांकडे बघतात, उलटे आहेत का म्हणून. सरळ आहेत. मी जगले.