हळदकुंकू वाहिलेलं इंग्रजी

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. असं गालातल्या गालात हसत ‘नाही हसत’ म्हणू नका, जन्मभर मास्तरकी केली आहे मी. मला मागच्या बाकावरचं हसूसुद्धा दिसतं.

तर परवा माझी नात मला तिच्या शाळेत घेऊन गेली. ती चिखलीला शिकवते. शाळेत एक नवा वर्ग केलाय म्हणे. भिंतीएवढा पडदा, पोरांच्या हातात टॅब, कानाला हेडफोन. आणि आपल्या उंद्रीकडून एसटीनं येणारी पोरं पडद्यातल्या जपानी बाईशी जपानीत बोलतात! मी तर बघतच राहिलो. मग नातीनं माझ्या हातात नारळ दिला आणि म्हणाली, “आजोबा, उद्घाटन तुमच्या हातून. फोडा.”

मी काय केलं असेल? नारळ काखोटीला मारला आणि सरळ दाराबाहेर पळालो! या वयात! थेट मैदानाच्या टोकाला जाऊन दगडावर फोडला. नात मागून धापा टाकत आली. “आजोबा, असं काऊन केलं हो? सगळे हसून राह्यले ना!”

हसू द्या. म्हातारा वेडा झालेला नाही. म्हातारा यंत्राच्या पूजेनं एकदा पुरता पोळलेला आहे. ऐका.

महाराष्ट्र तेव्हा नवानवा झाला होता आणि मीही नवानवाच मास्तर झालो होतो. नांदुऱ्याजवळ वडनेर भोलजीला आठवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवायचो. पुस्तकातलं इंग्रजी मला तोंडपाठ. पण खरा इंग्रज बोलतो कसा, ते मी जन्मात ऐकलं नव्हतं. कुठून ऐकणार? मी शहाणा झालो तोवर इंग्रज निघून गेलेला!

त्यातून माझा स्वभाव. मला सगळं येतं, पण ‘मला माहीत नाही’ एवढे तीन शब्द काही केल्या तोंडातून निघत नाहीत. आजही निघत नाहीत. विचारा आमच्या हिला.

नोकरी कच्ची होती. आणि उंद्रीचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगी मला पसंत, मी मुलीला पसंत. घोडं अडलं कुठे? मुलीच्या बापाशी! त्यांनी पानाला चुना लावता लावता सांगून टाकलं, “मास्तर, पयले नोकरी पक्की करा. कच्च्या मास्तरले मी पोरगी देत नाई.” आणि नोकरी पक्की होणार कधी, तर शाळाखात्याचे डेप्युटी साहेब तपासणीला येऊन बरा शेरा देतील तेव्हा. म्हणजे माझं लग्न डेप्युटी साहेबांच्या हातात!

अशात दसऱ्याच्या तोंडावर शाळेत एक खोकं आलं. आत टेपरेकॉर्डर. दोन मोठी चाकं, त्यांवर गुंडाळलेली तपकिरी फीत, आणि सेलवर चालणारं सगळं. सोबत निरोप असा की फितीत विलायतेतल्या माणसाचा आवाज आहे, तो वर्गात ऐकवून इंग्रजी शिकवा, दिवाळीनंतर साहेब स्वतः येऊन पाहतील.

मी लगेच बटण दाबायला निघालो, तर आमचे हेडमास्तर खर्चे सर आडवे आले.

“थांबा बे! उद्या खंडेनवमी हाय. नांगराची पूजा होते, चक्कीची होते, शिवायच्या मशीनची होते. आन् हे एवढं सायबाचं यंत्र बिनपूजेचं चालू करता?”

बरोबरच होतं की. आपल्याकडे कोणतं यंत्र बिनपूजेचं चालतं? दुसऱ्या दिवशी पूजा मांडली आणि पूजेला बसलं कोण? मी! माझं अख्खं लग्न त्या यंत्रावर अवलंबून. वरवर कुंकवाचं बोट टेकवून भागणार होतं का? मी झाकण उघडलं आणि आतल्या एकेका चाकाला मनोभावे हळद वाहिली, कुंकू वाहिलं, वरून मूठभर अक्षता टाकल्या. झेंडूचं फूल ठेवलं. नारळ फोडला आणि त्याचं पाणी चारी बाजूंनी शिंपडलं. आतसुद्धा. विशेषतः आतच!

खर्चे सर म्हणाले, “वा मास्तर! पूजा करावी तं अशी.”

मी नमस्कार केला, झाकण लावलं आणि बटण दाबलं.

यंत्र आधी घरघरलं. मग आतून आवाज आला. आवाज कसला हो, विहिरीच्या तळातून म्हैस बोलावी तसा! “गूऽऽऽड... मॉऽऽऽर्निंऽऽग... चिऽऽऽल्ड्रऽऽन...”

पूजेला जमलेली अख्खी आठवी माझ्याकडे बघायला लागली. मी तर पार गोंधळलो. हे इंग्रजी? एवढं सावकाश? एका वाक्यात माणूस पाणी पिऊन येईल की!

खर्चे सरांनी माझ्या कानाशी विचारलं, “मास्तर, हा सायेब एवढा जड काऊन बोलून राह्यला?”

आता इथे मी म्हणायला हवं होतं ना, की मला माहीत नाही? पण माझ्या तोंडून काय निघालं? “सर, खरे विलायती उच्चार असेच असतात. थंड देश आहे. थंडीनं जबडे आखडतात, त्यामुळे शब्द हळू बाहेर पडतो.”

“हाव!” खर्चे सर म्हणाले. “आन् राज्य केलेला मानूस हाय. त्याले घाई कायची?”

झालं. दुसऱ्या दिवसापासून यंत्र बोलायचं, मागून मी बोलायचो, माझ्यामागून वर्ग बोलायचा. तसंच पोटातून, तसंच लांबवून. चार वाक्यांत तास संपायचा! माझा घसा बसला. खिशात ज्येष्ठमध घेऊन फिरायला लागलो. खिडकीबाहेरून जाणारे शेतकरी थबकायचे आणि विचारायचे, “मास्तर बिमार हाय काय?”

वर्गात कोकिळा इंगळे नावाची मुलगी होती. हुशार आणि नावासारखाच गोड गळा. पंधरवड्यात ती असा खर्ज लावायला लागली की तिची आई शाळेत येऊन उभी राहिली.

“सर, हे काय शिकवून राह्यले तुमी? पोरगी घरी इंग्रजी बोलते तं गोठ्यातलं वासरू दावं तोडते! उद्या पाहुने पाहाले आले तं काय म्हनतीन?”

“ताई, हे विलायती उच्चार आहेत,” मी म्हणालो.

“मंग विलायतचाच पोरगा पाहून द्या तिले!” म्हणून ती तणतणत गेली.

पण खरं संकट याच कोकिळेनं आणलं. त्या फितीत दुसरंच वाक्य होतं, “आय अॅम मिस पार्कर.” तेही असंच म्हशीच्या आवाजात. एक दिवस कोकिळा उभी राहिली.

“सर, मिस म्हंजे तं बाई ना? बिनलग्नाची?”

“हो.”

“मंग हा एवढा बाप्या मानूस सोताले मिस काऊन म्हनून राह्यला?”

सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघतोय. अहो, मलाही तोच प्रश्न पडला होता! रात्री झोप लागत नव्हती त्या पार्करपायी! पण ‘माहीत नाही’ म्हणायचं? मी? इंग्रजीचा मास्तर?

मी घसा खाकरला. “त्याचं असं आहे, कोकिळा. विलायतेत शिक्षकाचा फार मान. शिक्षकाचं लग्न झालेलं नसेल तर तो बाई असो की बाप्या, त्याला मिसच म्हणतात. मानाची पदवी आहे ती.”

वर्गाला पटलं. मला वाटलं, सुटलो! मोठ्या ऐटीत घरी गेलो आणि पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं. अख्खी आठवी उभी राहिली आणि पोटातून आवाज काढून म्हणाली, “गूऽऽऽड मॉऽऽऽर्निंग, मिऽऽऽस!”

माझं लग्न झालेलं नव्हतं ना! मानच दिला की पोरांनी! आता नको म्हणू तर कोणत्या तोंडानं? पुढे पुढे खर्चे सरसुद्धा चपराश्याला सांगायचे, “जाय रे, मिसले चहा देऊन ये.”

आणि एक दिवस डेप्युटी साहेब आले.

कडक इस्त्रीचा कोट, पायांत करकरणारे बूट. डोळ्यांपुढे उंद्रीचा मांडव कधी दिसायचा, कधी विरायचा. साहेब वर्गात शिरले. वर्ग ताडकन उठला.

“गूऽऽऽड मॉऽऽऽर्निंग, सऽऽऽर!” हे साहेबांना. मग तोंडं माझ्याकडे वळली. “गूऽऽऽड मॉऽऽऽर्निंग, मिऽऽऽस!”

साहेबांनी आधी वर्गाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या मिशांकडे. पहिल्या बाकावरच्या कोकिळेला त्यांनी इंग्रजीत झटकन नाव विचारलं. कोकिळा ढिम्म. पुन्हा विचारलं. सगळा वर्ग ढिम्म! कोणाला अक्षर कळेना.

खर्चे सर मदतीला धावले. “सायेब, जरा दमानं बोला. तुमचं इंग्रजी देशी हाय. आमच्या पोट्ट्यायले अस्सल विलायतीची सवय हाय.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. तरी त्यांनी एकेक शब्द सुटा करून पुन्हा विचारलं. कोकिळेचा चेहरा उजळला. तिनं पोटात हवा भरून घेतली.

“माऽऽय... नेऽऽऽम... इऽऽऽज... कोऽऽकिऽऽळाऽऽ...”

साहेब चक्क एक पाऊल मागे सरले! “मास्तर, ही मुलगी आजारी आहे का?”

“नाही साहेब. फितीतल्या साहेबांनी शिकवलंय तसंच बोलते ती.”

“कोणत्या साहेबांनी?”

मी अभिमानानं यंत्र सुरू केलं. म्हैस बोलायला लागली. साहेब डोळे बारीक करून ऐकत होते. म्हणाले, “सेल उतरले असतील.” स्वतःजवळचे नवे सेल काढून घातले. म्हैस तीच! मग त्यांनी झाकण उघडलं.

काय सांगू तुम्हाला! आत चाकांना हळदकुंकवाचा हा जाड लेप. नारळाच्या पाण्यानं तो चिकटून वाळलेला. फटीफटीत अक्षता. झेंडूची एक पाकळी गोल गोल फिरतेय.

“हे काय आहे?” साहेबांनी विचारलं.

“पूजा, साहेब,” मी म्हणालो.

साहेबांनी कोट काढला. हातरुमाल ओला करून एकेक चाक पुसलं, पेन्सिलीच्या टोकानं अक्षता उकरून काढल्या. आणि बटण दाबलं.

आतून चिमणीसारखी नाजूक, चुरचुरीत बाई बोलायला लागली! “गुड मॉर्निंग चिल्ड्रन, आय अॅम मिस पार्कर!” चार वाक्यं झाली तरी आमचं पहिलं संपलं नसतं.

कोकिळा किंचाळली, तिच्या मूळच्या गोड आवाजात. “वो माय! थे तं बाई हाय!”

आणि खर्चे सर भाबडेपणानं म्हणाले, “मंग आपले सायेब कोठी गेले?”

डेप्युटी साहेब खुर्चीत बसले. मला वाटलं, संपलं सगळं. नोकरी गेली, उंद्री गेली, आता वावरात कापूस वेचायचा. तर साहेबांचे खांदे हलताहेत! माणूस हसत होता हो! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. डोळे पुसावे तर तो रुमाल हळदीचा. सगळं तोंड पिवळं झालं.

“आणि मास्तर, तुम्हाला हे मिस का म्हणतात?”

उत्तर खर्चे सरांनी दिलं. “सायेब, लगन झालं नाई ना त्यायचं.”

साहेबांना पुन्हा हसण्याची उबळ आली. “का नाही केलं लग्न?”

“नोकरी कच्ची आहे, साहेब. मुलीचे वडील देत नाहीत.”

साहेबांनी तिथल्या तिथे शेरा लिहिला. “करतो तुम्हाला कायम. पोरं एका सुरात बोलतात, मेहनत दिसते आहे. फक्त ती योग्य आवाजावर घ्या. आणि लवकर लग्न करून हे मिस प्रकरण मिटवा. पुढल्या खेपेला मला गंभीर राहता आलं पाहिजे.”

मला आभाळ ठेंगणं झालं! लगेच उंद्रीला निरोप धाडला. तारीख ठरली.

आता गोष्ट इथे संपायला हवी होती ना? पोरांना एवढंच सांगायचं होतं की माझं चुकलं, बाप्याला मिस म्हणत नाहीत. पण जमतंय कुठे! मी आपलं ऐटीत सांगितलं, “हे बघा, मिस लग्न होईपर्यंतच असतं. आता माझं लग्न आहे. नंतर शब्द बदलतो.”

“मंग काय म्हनाचं?” कोकिळेनं विचारलं.

“पुस्तकाच्या मागे शब्दार्थ आहेत. तुम्हीच शोधा,” म्हणालो आणि गेलो मांडवात उभा राहायला.

लग्न करून परत आलो. पेढे वाटायला नवी नवरीही शाळेत आली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, लाजून चूर. आम्ही दोघं आठवीच्या दारात उभे राहिलो. वर्ग उठला. आणि आता नाजूक, चुरचुरीत, अगदी पार्कर बाईच्या सुरात सगळे म्हणाले, “गुड मॉर्निंग, मिसेस!”

आमची ही हरखून गेली. एवढा मान! तिनं पदर सावरून सगळ्या वर्गाला हात जोडले.

तेवढ्यात कोकिळा म्हणाली, “काकू, तुमाले नाई म्हनलं. थे आमच्या सरले हाय.”