गार इंजिनाचा आवाज

जुनी गाडी बघायला गेलो, बॉनेटवर हात ठेवला आणि बॉनेट गरम लागलं, की माझ्या डोक्यात तिडीक जाते. आधी वाकून नमस्कार, मग चहा, मग गाडीचं गुणगान, आणि बॉनेट गरम! अरे, आम्ही येणार हे तुला माहीत होतं ना? मग कशाला फिरवून आणलीस? पिकअपचं इंजिन खरं बोलतं ते सकाळी, रात्रभर गार पडल्यावर पहिल्यांदा चावी फिरवताना. तेल खाली बसलेलं असतं. ते वर चढेपर्यंत आतलं जे झिजलंय ते ठोकत राहतं. तेल पोचलं की आवाज गप्प. सगळा न्याय त्या एका मिनिटात होतो, आणि लोक नेमकं तेवढंच मिनिट झाकून ठेवतात. शी!

मी आयुष्यभर कर्जत-खोपोली रस्त्यावर भाजीची पिकअप चालवली. डोळे अधू झाले तशी विकून टाकली. घेणाऱ्याला सांगितलं, पहाटे ये आणि तूच चालू कर. तेव्हापासून नात्यात कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की मला उचलून नेतात. नेतात आणि ऐकत नाहीत, ते वेगळं.

माझी भाची कर्जतच्या पुढं डोंगराच्या अंगाला असलेल्या गावात दिलेली. तिनं घराशेजारी झाडांच्या रोपांची नर्सरी काढली. फार्महाऊसवाले स्वतः येऊन रोपं नेत, ते ठीक होतं. पण मग नेरळच्या एका नव्या वसाहतीत झाडं पुरवायचं वर्षभराचं काम तिला मिळालं. रोज सकाळी माल पोचलाच पाहिजे, नाहीतर काम दुसऱ्याला, असं त्यांनी तोंडावर सांगितलेलं. भाड्याचे टेंपोवाले कधी येत, कधी फोनच उचलत नसत, आणि आले तर कुंड्या अशा आदळत की बघवत नसे. म्हणून तिला स्वतःची गाडी हवी होती. होतं नव्हतं ते सगळं ती त्या गाडीत घालणार होती.

गाडी निघाली खालापूरकडच्या तिच्या चुलतसासऱ्यांची. हा माणूस गावातला मान्यवर. पांढरा झब्बा, कपाळाला बुक्का, बोलणं असं की लोणी लाजेल. जुन्या, साध्या डिझेल पंपाची पिकअप होती, त्यात ते बॉयलर कोंबड्या वाहायचे. आम्ही येणार म्हणून धुतलेली, वर अत्तर मारलेलं. अत्तर, फिनेल आणि कोंबड्यांची विष्ठा, तिन्हींचा मिळून जो वास येत होता तो अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. सीटखाली हात घातला तर पिसं हाताला चिकटून आली.

बॉनेट गरम होतंच.

“आत्ताच आलो खोपोलीवरनं,” ते म्हणाले. “बसा पावणं, चा घ्या.”

मी म्हटलं, आज राहू दे. उद्या पहाटेच येतो, गाडीला हात लावू नका. ते हसून हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भाचीला घेऊन उजाडायच्या सुमाराला पोचलो, तर वेशीपासूनच आरती ऐकू येत होती. गाडीच्या डेकवर, पूर्ण आवाजात. इंजिन चालू. काचेला हार, डॅशबोर्डवर उदबत्त्या, आणि हे महाशय डोळे मिटून टाळ्या वाजवत उभे. आमच्याकडे ही रीतच आहे. सकाळी गाडी चालू केली की आधी देवाचं लावायचं, उदबत्ती ओवाळायची, मग चाक हलवायचं. मीही केलंय ते. पण मी आधी इंजिन ऐकायचो आणि मग देवाला हाक मारायचो. इथं आरतीच्या दणक्यात बॉनेटखाली बैल हंबरला असता तरी कळलं नसतं.

“जरा गाणं बंद करा,” मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. “आरती मधी तोडत नाय आमी, पावणं.”

ओटीवरच्या बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देव्हाऱ्याला लाथ मारली. भाची डोक्यावर पदर घेऊन उभी, मान खाली. सासरचं दार होतं ते तिचं. आरती संपली तेव्हा इंजिन छान गरम झालं होतं आणि मऊ चालत होतं. मग पोहे आले.

मी पोहे बाजूला ठेवले, इंजिन बंद करायला लावलं आणि तेलाची पट्टी काढून बघितली. तेल काकवीसारखं. गरम इंजिनात तेल पाण्यासारखं ओघळायला हवं, हे बोटाला धरून राहिलेलं. खालचा आवाज दाबायला जाड तेल ओततात, ही जुनी लबाडी आहे. मी सगळ्यांसमोर तसं बोललो. चुलतसासरे गोड हसले. “थंडीचे दिवस हायत. घट्ट व्हायाचंच.”

गरम इंजिनात! थंडीनं घट्ट! त्या हसण्याची मला किळस आली. भाचीला बाजूला घेऊन सांगितलं, घेऊ नको. गार असताना ऐकल्याशिवाय अजिबात घेऊ नको.

ती कुजबुजली, “मामा, घरातलीच माणसं हायत. आपल्या सुनंला फसवतील का?”

गाडी घेतली. हार घालून घेतली.

गाडी घरी आल्यावर पहिल्याच गारठ्याच्या सकाळी तिनं फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. फोनमध्ये काय कळणार, नुसती खरखर. मी म्हटलं, हात लावू नकोस, संध्याकाळी मुक्कामालाच येतो. सकाळी अंगणात तीच उभी होती, अंगावर शाल, हातात चावी. मी म्हटलं, फिरव.

डिझेल गाडी गार असताना टकटक करतेच, तो आवाज वरचा आणि हलका असतो, त्याला भ्यायचं कारण नाही. पण त्याच्याखाली दुसरा आवाज होता. जड, खोल, कुणीतरी आतून हातोडी मारत असल्यासारखा. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मी काही बोलायच्या आत तिला कळलं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली. खालून येत होता. एकेका सिलिंडरची डिझेलची नळी ढिली करून पाहिली. तिसऱ्याची ढिली केली, त्याचा जोर गेला तसा आवाज दबला, म्हणजे दुखणं त्याच्याच खाली. तोवर तेल चढलं आणि सगळंच शांत झालं.

शिळफाट्याच्या गॅरेजात नेली. तिथला मेकॅनिक गुटख्यानं भरलेल्या तोंडानं म्हणाला, डिझेल फवारणारं नोझल गेलंय. मी म्हटलं, बाबा, खालचं बेरिंग आहे. नाही, नोझलच. बदललं. दुसऱ्या सकाळी आवाज जागच्या जागी. मग कुठे तेल काढलं. काळी, चिकट घाण निघाली, आणि तिच्यात बारीक चमचम. बेरिंगचा धातू तेलात उतरलेला. मेकॅनिकनं बोट बुडवून पाहिलं, ते बोट पँटला पुसलं आणि माझ्या पायाशी थुंकला. बस्स, तेवढंच त्याचं म्हणणं.

मी चुलतसासऱ्यांकडे गेलो. जाऊ नका म्हणत होती भाची, तरी गेलो. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवून म्हणाले, “आमच्या दारात होती तवर गाडी ठणठणीत होती. तुमी सकाळी आरती लावता का?”

आयला! कोंबड्यांच्या घाणीवर अत्तर, झिजलेल्या बेरिंगवर काकवी, आणि या सगळ्यावर देव! मी उठलो. माझ्या तोंडून जे निघालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. नात्यातल्या शहाण्यांनी मला फोन करकरून सांगितलं, जाऊ द्या, घरातली गोष्ट आहे, चारचौघांत शोभा नको. या शोभेचीच मला जास्त शिसारी येते. फसवणारा झब्ब्यात हिंडतो आणि तोंड लपवायचं फसलेल्यानं.

बेरिंग बदललं, पण ते ज्यावर बसतं तो क्रँकच खराब झालेला. तो करायची भाचीची ऐपत उरली नव्हती. गाडी कुंथत चालली. उन्हाळ्यात एका चढावर, रोपं भरलेली असताना, जी बसली ती बसलीच. नेरळवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे काम दुसऱ्याला दिलं. सुकलेली रोपं तिनं शेणखतात टाकली तेव्हा मी तिथं होतो. ती रडली नाही. मला वाटलं, पोरगी खंबीर आहे.

कशीबशी जुळवाजुळव करून तिनं गाडी पुन्हा चालती केली. या थंडीत तिचा फोन आला. “मामा, उद्या सकाळी या. गाडी बघायला पावणं येतायत.”

शिळफाट्याला फुलं विकणारी एक बाई आणि तिचा म्हातारा काका, असे दोघे येणार होते. मी लवकर निघालो. गावात शिरलो आणि थबकलो. आरती ऐकू येत होती. पूर्ण आवाजात.

पाहुणे आधीच आलेले. इंजिन चालू, काचेला हार, उदबत्तीचा धूर. फुलवाली भक्तिभावानं टाळ्या वाजवत होती. तिचा काका मात्र बॉनेटवर पंजा टेकून उभा होता, आणि तो चटका मला माझ्याच हाताला बसला. भाची चहाचा ट्रे घेऊन पुढं आली. माझ्या हातात कप देताना हसली. मी ते हसणं ओळखलं. चुलतसासऱ्यांच्या दारातलं होतं ते.

“मामा, तुमी काय बोलू नका,” ती हळूच म्हणाली. “फक्त चा घ्या.”

मी कप ओट्यावर ठेवला. गाडीत वाकलो, आरती मधेच तोडली, इंजिन बंद केलं आणि चावी खिशात टाकली. फुलवालीच्या टाळ्या हवेतच राहिल्या. त्या काकांना मी म्हटलं, “गाडी गार होऊ द्या. तोवर बसा. मग तुम्हीच चालू करून ऐका.”

ते ओट्यावर बसले. भाची तिथंच उभी होती, ट्रे हातात. मला वाटलं, आता शिव्या देईल. ती माझ्या खिशाकडे बघत होती.

“मामा,” ती म्हणाली, “तवा त्यांच्या दारात का नाय काढली चावी?”