महालक्ष्म्यांसाठी दिलेला चुना

शेजारी चुना भिजत घातलाय. त्या वासानं येलदरीजवळचं आमचं घर आठवलं. हिवतापाची फवारणी करणारा आईला बजावून गेला होता, "माय, अडीच महिने भिंतीला चुना लावू नका. औषध कामाचं राहत न्हाई." पण महालक्ष्म्या आठ दिवसांवर आलेल्या. औषधाचे ओघळ बघून आई म्हणाली, "असल्या भिंतीपुढं लक्ष्म्या कशा बसवाव्या?" मीच हौसेनं चुना दिला. महिनाभरात धाकटी बहीण थंडीतापानं गेली. आईनं मला कधी बोल लावला नाही. पुढच्या वर्षी फवारणीवाला दारात आला तेव्हा तिनं देव उचलून अंगणात ठेवले आणि म्हणाली, "पहिले देवघरात मारा." भिंत रंगवायला माझा हात अजून उचलत नाही.